वामनबाबांचा अंगठा

वामनबाबांबद्दल सांगायचं तर उजव्या अंगठ्यापासून सुरुवात करावी लागेल. चेहरा सांगून काही उपयोग नाही. सावळा रंग, आत गेलेली गालफडं, बारीक कापलेले पांढरे केस, शर्टाच्या खिशात दोन पेनं. असे चेहरे डिचोलीच्या बाजारात एका सकाळी दहा भेटतील. पण तसा अंगठा मी दुसरा पाहिला नाही. त्याच्या पोटावर, नखाच्या जरा खाली, बारीक चिरांची जाळी होती. काही जुन्या, बुजलेल्या. एखाददुसरी नेहमी ताजी. काकी, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या की ह्या माणसाला डाव्या अंगठ्याने भात कालवायची सवय लागली असती तर बरं झालं असतं, आमसुलाचं सार खाताना रोज हाय हाय करतो.

त्या चिरा विमानांनी केलेल्या होत्या. मी पेडण्यातल्या हरमलची. आमच्या घरी पर्यटकांना द्यायच्या चार खोल्या आणि भाड्याच्या सहा स्कूटर. स्कूटर बिघडली की माझे वडील मला हाक मारायचे, त्यातून हाताला नाद लागला आणि मी विमानदुरुस्तीचं शिक्षण घेऊन बसले. पेडण्याच्या पठारावर विमानतळ झाला आणि मला घराजवळ नोकरी लागली. वामन गावस तिथे माझे वरिष्ठ. ते आमोण्याचे, डिचोली तालुक्यातले. उमेदीची सगळी वर्षं मुंबईला काढून शेवटची काही वर्षं गावाकडे म्हणून इकडे बदली मागून आलेले. आमच्यात त्यांना कुणी गावससाहेब म्हटलं तर ते मागे वळून बघायचे, दुसरा कोण आलाय म्हणून. वामनबाब म्हटलं की लगेच ओ.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातात बॅटरी दिली आणि एका लहान विमानाभोवती फेरी मारून यायला सांगितलं. दोन पंखे, सत्तर माणसांचं विमान. मी अगदी मन लावून फेरी मारली, वीस मिनिटं घेतली, आणि येऊन म्हटलं, ‘‘सगळं ओके.’’

‘‘बघलंस की दिसलां?’’

मला प्रश्नच कळला नाही. आम्ही दोघं एकमेकांशी आमच्या उत्तरेकडच्या बोलीत बोलायचो, त्यामुळे शब्द कळले होते, रोख कळला नव्हता. ते माझ्याबरोबर निघाले, पण मी गेले होते त्याच्या उलट्या बाजूने. शेपटीकडून नाकाकडे. मागच्या दाराच्या चौकटीखाली, मी दोन हातांवरून गेले होते तिथे, हाताच्या बोटाएवढा पोचा होता. नाकाकडून येताना तो सावलीत जात होता, शेपटीकडून येताना समोर येत होता. पोचा जुनाच होता, मोजलेला, कागदावर चढवलेला. वामनबाबांना तो ठाऊक होता, म्हणूनच त्यांनी ते विमान निवडलं होतं. मी तोंड पाडून उभी राहिले.

‘‘तुका सगळां दिसलां,’’ ते म्हणाले. ‘‘पण तू काय बघूक गेललंस, ता सांग. काय बघूचा ता ठरवल्याशिवाय गेलंस तर विमान दिसता. बघून होणा नाय.’’

‘ओके’ ह्या शब्दाशी त्यांचं वैर होतं. त्यांच्या पाळीत तो शब्द कुणी उच्चारायचा नाही. चेक म्हणजे चालतंय की नाही ते पाहणं. इन्स्पेक्शन म्हणजे पुस्तकात काय लिहिलंय ते आधी वाचून, मग डोळा आणि हात लावून, जसं असायला हवं तसं आहे का ते ठरवणं. टेस्ट म्हणजे मोजून आकडा घेणं. ‘‘तीन कामां, तीन नावां. तू एक केलंस आणि दुसऱ्याची सही केलंस तर ता कोणाक कळतला?’’ असं ते विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता पुढे जायचे. आम्ही पाठीमागून नक्कल करायचो. मी सगळ्यांत चांगली करायचे, हे इथे कबूल करून टाकते.

उलट्या बाजूने चालायची मात्र नुसती खोड नव्हती. विमानातल्या काही कामांना दोन माणसं लागतात. ज्याने विमान वळतं, वर जातं, खाली येतं, त्या जोडण्यांना हात लागला की काम करणारा एक सही करतो, आणि ज्याचा त्या कामात हात नव्हता असा दुसरा माणूस येऊन पुन्हा पहिल्यापासून पाहतो. त्याला आम्ही दुसरी तपासणी म्हणतो. पहिल्याने चूक केली असेल असं समजून नव्हे. पहिला कोण आहे हेच विसरून पाहायचं. वामनबाबांचा नियम असा की पहिल्याने जिथून सुरुवात केली तिथून दुसऱ्याने करायची नाही. शिडीसुद्धा ते दुसऱ्या बाजूला लावून घ्यायचे. आणि शेवटी बोल्टच्या नटातून आरपार घातलेल्या पिनेची वाकवलेली टोकं अंगठ्याने दाबून बघायचे. वाकवलेल्या पिनेचं टोक बोचतं. बोचलं की पिन आहे आणि नीट वाकवलेली आहे. डोळ्याला दिसलेलं त्यांना पुरायचं नाही. अंगठ्याच्या चिरा त्या पिनांच्या.

आमच्याकडे चंदगडचा महादेव होता, कामाला वाघ, पण फेकून द्यायचं म्हटलं की त्याच्या जिवावर यायचं. एकदा चाकाजवळचा एक सुटा भाग आयुष्य संपलं म्हणून काढला. काही भागांना किती उड्डाणं करायची ते बनवणाऱ्यानेच ठरवून दिलेलं असतं, तेवढी झाली की तो भाग बाद. महादेव तो हातात घेऊन उभा.

‘‘साहेब, ह्ये तर कोरं हाय की. वरखडा बी न्हाई.’’

‘‘महादेवा, वरखडो बघूक आपण काढूक नाय तो. आकडो भरलो म्हणून काढलो.’’

‘‘पर चांगलं हाय.’’

‘‘आसा. चांगलो आसा म्हणूनच आज काढूक गावता. वायट झालो की तो आपणच सुटतलो, आणि तेव्हा आपण खाली आसतलो, लोक वर.’’

महादेवने तो भाग दिला. वामनबाबांनी त्याला लाल चिठ्ठी बांधली आणि महादेवच्याच हाताने करवतीने दोन तुकडे करून घेतले, उगाच पुन्हा कुणाला मोह नको. त्या दिवशी महादेव जेवला नाही असं तो अजून सांगतो. मला वाटतं खोटं सांगतो, कारण त्याने माझ्या डब्यातले बांगडे खाल्ले होते.

लाल चिठ्ठीचं वेड ते घरीही घेऊन जायचे. एका चवथीला त्यांनी मला आमोण्याला बोलावलं. घरात शिरले तर मिक्सरला लाल चिठ्ठी, ‘वापरू नये’. पडवीतल्या कदेलीचा, म्हणजे लाकडी खुर्चीचा, एक पाय डुगडुगत होता, तिला पिवळी चिठ्ठी: ‘दुरुस्ती पुढे ढकलली. हलक्या माणसाने बसावे. मुदत: चवथ.’ मी हसायला लागले तर काकी म्हणाल्या, ‘‘हसतंस काय गो? चवथ आज. बघ आता.’’ आणि खरंच, गणपती मखरात बसवायच्या आधी वामनबाब जमिनीवर बसून कदेलीच्या पायात नवी खुंटी ठोकत होते. भटजी ताटकळले होते. ‘‘पुढे ढकललां म्हणजे विसरलां न्हय,’’ ते मला म्हणाले. ‘‘मुदत घालून ढकललां तर ती दुरुस्ती. मुदत नसली तर आळस.’’ भटजींनी घड्याळात पाहिलं. कदेल नीट झाल्यावर तिच्यावर त्यांनी पहिल्यांदा भटजींनाच बसवलं.

असे ते. आता जे सांगायचं आहे ते सांगते. इतका वेळ मी ते लांबवत होते.

माझं परवान्याचं शिक्षण पुरं झालं आणि कंपनीने मला माझ्या सहीने विमान सोडायचा अधिकार दिला. त्या दिवशी एका विमानाच्या पंखाच्या मागच्या कडेला हलणारी जी फळी असते, विमान कलतं ते तिच्यामुळे, तिच्या दांड्याचा बोल्ट आम्ही बदलला. काम माझं. अशा कामावरची माझी पहिली सही. दुसरी तपासणी वामनबाबांची. त्यांना निवृत्त व्हायला दोन महिने होते. सकाळी त्यांनी जत्रेतलं खाजं आणून सगळ्यांना वाटलं होतं, जणू त्यांचीच मुलगी पास झाली. त्यांना मूल नव्हतं.

मी बोल्ट घातला, नट मोजून आवळला, पिन घातली, टोकं वाकवली. ते आले. शिडी दुसऱ्या बाजूला लावून घेतली. वर चढले, फळी वरखाली हलवायला सांगितली, मी कॉकपिटमधून हलवली. मग मी खाली शिडीपाशी आले तेव्हा ते वरून माझ्याकडे बघत होते.

‘‘पिन?’’ त्यांनी विचारलं.

‘‘घातलंय, वामनबाब. वाकवलंय,’’ मी म्हटलं. माझ्या तोंडावर काय होतं कोण जाणे. ते हसले. खाली उतरले, कागदावर माझ्या सहीशेजारी सही केली आणि आपला ठप्पा उठवला. नोकरीच्या पहिल्या वर्षापासून त्यांच्याजवळ असलेला, त्यांच्या नंबरचा ठप्पा. जाकिटाच्या आतल्या खिशात कापडात गुंडाळून ठेवायचे. विमान दुपारी माणसं घेऊन गेलं.

आमची पाळी संपली. आम्ही दोघं मोरीवर हात धूत होतो. तेल काढायची पेस्ट चोळताना ते एकदम थांबले. अंगठा डोळ्यांजवळ नेला. पुन्हा पाण्याखाली धरला, पुन्हा बघितला.

‘‘बाय,’’ ते म्हणाले, ‘‘माका बोचूक नाय.’’

मला लगेच कळलं. मी म्हटलं, ‘‘पिन आसा, वामनबाब. माझ्या हातान घातलंय.’’

‘‘माका म्हायत आसा. पण मी ती बघूक नाय. मी तुझ्या तोंडाकडे बघत होतंय.’’ आणि हात तसेच ओले घेऊन ते फोनकडे निघाले.

मी त्यांच्या आडवी गेले. हे लिहितानाही मला लाज वाटते, पण गेले. विमान हवेत होतं, अर्ध्या तासात पुढच्या शहरी उतरणार होतं. ह्यांनी फोन केला की ते तिथे उभं राहणार, माणसं उतरवणार, पंखाची झाकणं उघडणार. आणि मग चौकशी. माझ्या पहिल्याच सहीची चौकशी. आणि पिन तिथे होती. मला शंभर टक्के ठाऊक होतं.

‘‘तुमचे दोन म्हयने रवले,’’ मी म्हटलं. ‘‘गप रवा. कोणाक कळणा नाय.’’

‘‘तुका कळलां.’’

‘‘माझ्यार तुमचो विश्वास नाय काय?’’

‘‘आसा. थंयच चुकलां.’’ ते शांतपणे बोलत होते, तेच मला सहन होत नव्हतं. ‘‘विमान नीट आसा, ह्या एक. ता नीट आसा ह्या दोघांनी आपापल्या डोळ्यांनी बघलां, ह्या दुसरां. दोन्ही आसत तर ता उडण्यालायक. आज एकच आसा आणि कागदार मी दोन लिवलंय.’’

‘‘पण दोन म्हयने—’’

‘‘माझे दोन म्हयने रवले, बाय. तुझी तीस वर्सां रवलीत. आज मी गप रवलंय तर तू काय शिकतलंस?’’

मी बाजूला झाले. पटलं म्हणून मात्र नाही. त्यांनी मुंबईच्या मुख्य कचेरीला फोन केला. नाव, नंबर, काम, आणि मग सरळ: दुसरी तपासणी मी पुरी केलेली नाही, सही माझी आहे, पिन न बघता केलेली आहे.

पुढचा पाऊण तास आम्ही फोनच्या खोलीत बसून होतो. विमान उतरलं. तिथल्या इंजिनियरने झाकण काढलं आणि माझ्या मोबाईलवर फोटो पाठवला. पिन होती. दोन्ही टोकं पुस्तकात दाखवल्यासारखी, एक वर, एक खाली. माझा जीव भांड्यात पडला आणि त्याच क्षणी मला असा राग आला की मोबाईल त्यांच्या नाकापुढे नेऊन धरला. ‘‘बघा. आसा.’’

त्यांनी चष्मा चढवला, फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला. ‘‘बरी वाकवलंस,’’ ते म्हणाले. आणि कागद ओढून स्वतःविरुद्ध अहवाल लिहायला बसले.

विमानाला दोन तास उशीर झाला. लोक चिडले, आमच्या इथल्या मुख्य साहेबांना मुंबईहून फोन आले, साहेब आमच्यावर घसरले. फोन करण्याआधी मला विचारायचं होतंत, पिन तर होती ना, असं ते म्हणत राहिले. वामनबाब ‘‘होय’’ एवढंच म्हणाले. चौकशी होईपर्यंत त्यांचा सहीचा अधिकार काढून घेतला. ठप्पा जमा करायला लावला. त्यांनी तो कापडासकट टेबलावर ठेवला, मग कापड तेवढं परत घेतलं, ते काकींच्या जुन्या लुगड्याचं होतं. ठप्पा त्यांना पुन्हा मिळाला नाही. चौकशीचं पत्र आलं तेव्हा ते निवृत्त झालेले होते. धोका नव्हता, पद्धतीत कसूर होती, स्वतः कळवलं म्हणून पुढे काही नाही, असं त्यात होतं. माझ्या कामात दोष नाही असं माझ्या पत्रात होतं. म्हणजे सगळं सुरळीत झालं, असं कुणीही म्हणेल.

पण शेवटचे दोन महिने त्यांना विमानाला हात लावू दिला नाही. एवढी वर्षं ज्यांनी काढली त्या माणसाला कागदपत्रांच्या खोलीत जुन्या कामांची कार्डं लावायला बसवलं. खोलीच्या जनेलातून धावपट्टीचं एक टोक दिसायचं. मी तिथून रोज दोनदा जायचे आणि मान वर करायचे नाही. ते ‘‘बाय’’ म्हणून हाक मारायचे आणि मी ‘‘घाईत आसंय’’ म्हणून सटकायचे. आमच्यातले काहीजण म्हणाले, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. मी त्यांना गप्प केलं नाही. दुसरी तपासणी म्हणजे माझ्यावर संशय, असंच माझ्या मनाने घेतलं होतं. त्यांनी माझ्यावर ठेवलेला भरवसा हीच त्यांनी आपली चूक म्हणून लिहून दिली, हे मला फार लागलं होतं.

निरोपाच्या दिवशी साहेबांनी छोटं भाषण केलं. आता वामनबाबांचा आकडा भरला, असं काहीतरी गमतीने म्हणाले. वामनबाबांना ते आवडलं नाही. ‘‘आकडो पार्टांक,’’ ते म्हणाले. ‘‘माणूस बघून ठरवचो.’’ काही भागांना आयुष्य ठरवलेलं नसतं, दर वेळी तो भाग तपासायचा आणि चांगला असेल तर ठेवायचा. ते त्याबद्दल बोलत होते. साहेबांना कळलं नाही. महादेवला कळलं, तो डोळे पुसत बाहेर गेला. मी टाळ्या वाजवल्या आणि लवकर निघाले.

त्यानंतर तीनेक महिन्यांनी रूपेश नावाच्या माझ्या मित्राचं काम होतं, शेपटीच्या सुकाणूची तार जोडायचं. आम्ही एका वर्गात शिकलो, एकमेकांच्या वह्या उतरवून पास झालो. दुसरी तपासणी माझी. तो म्हणाला, ‘‘अगो, पिन घातलंय. शिडी कित्याक आणतंस? सही मार, चाय घेवया.’’

पेन माझ्या हातात होतं. खरं सांगते, मी टेकवलं होतं ते कागदाला. रूपेश चांगला कामगार आहे, पिन घातली म्हणजे घातली. त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि तिथेच थांबले. मग मी शिडी दुसऱ्या बाजूला लावायला सांगितली. वर चढले, बॅटरी मारली, अंगठ्याने दाबलं. बोचलं. रक्ताचा एक थेंब आला. पिन अगदी व्यवस्थित होती. रूपेश दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, आणि मला त्याला दोष देता येईना, कारण तो जे बोलला असता ते सगळं मी कुणाला तरी आधीच बोलून बसले होते.

पुढच्या सुट्टीला मी आमोण्याला गेले. स्कूटर दारात लावली तर काकी पडवीत कदेलीवर बसून भाजी निवडत होत्या. ‘‘बांधार गेल्यात,’’ त्या म्हणाल्या. भाजी निवडतच पुढे म्हणाल्या, ‘‘रोज तुझां नाव काढतत. तू येणंस नाय म्हणून न्हय. असांच.’’

आमोण्याला मांडवीच्या काठाने खाजनाची शेती आहे. नदीला भरती आली की खारं पाणी वर चढतं, ते शेतात शिरू नये म्हणून मातीचा लांब बांध, आणि मधे पाणी आतबाहेर करायला लाकडी दाराची मानस. बांध फुटला की एका भरतीत पीक गेलं, आणि पुढची दोनतीन वर्षं जमीन खारट. भात तेव्हा पोटरीत होतं. निवृत्त झाल्यावर गावच्या शेतकऱ्यांनी बांध बघायचं काम वामनबाबांच्या गळ्यात घातलं होतं. ते मानशीपाशी गुडघ्यापर्यंत चिखलात उभे होते, अर्धी चड्डी, डोक्याला टॉवेल. मला त्यांनी बघितलं. चिखलातून बाहेर आले, हात धुतले, आणि मानशीच्या दगडावर ठेवलेली प्लॅस्टिकच्या पिशवीतली एक वही काढून माझ्या हातात दिली.

वहीत त्यांनी रेघा मारल्या होत्या. दिवस, जागा, आणि दोन रकाने: पहिल्याने बघितलं, दुसऱ्याने बघितलं. पहिल्या रकान्यात रोज त्यांची सही. दुसरा रकाना पहिल्या पानापासून कोरा.

‘‘कोण करणा नाय?’’ मी विचारलं.

‘‘मी बघलंय म्हटलां की झालां,’’ ते म्हणाले. ‘‘वामनबाबान बघलां, मगे आम्ही काय बघतलों, असां म्हणतत. चांगली माणसां. इस्वास आसा त्यांचो.’’  मी त्यांच्यावर रागावून बसले होते त्या सगळ्या महिन्यांत हा माणूस रोज इथे एकटा सही करत होता, ही गोष्ट तेव्हा माझ्या डोक्यात शिरली. त्यांची माफी मागायची असं मी येताना ठरवलं होतं, वाक्यं जुळवली होती. ती राहू दिली.

‘‘तुम्ही खंयसून सुरू करतात?’’ मी म्हटलं.

‘‘मानशीकडसून.’’

मी चपला काढल्या आणि दुसऱ्या टोकाला गेले, जिथे माड आहेत तिथे. ओहोटी होती, बांधाची नदीकडची बाजू उघडी पडली होती. काय बघायचं ते मी आधी ठरवलं: भेगा, खचलेली माती, आणि कुर्ल्यांची, म्हणजे खेकड्यांची, भोकं. कुर्ल्या बांधात घर करतात, भोक आरपार गेलं की भरतीचं पाणी त्यातून वाट काढतं. मी हळूहळू चालत आले. अर्ध्यावर गवताचा एक झुबका होता. मानशीकडून येताना तो नुसता झुबका दिसला असता. माझ्या बाजूने त्याच्या मागे ओली, ताजी माती दिसत होती. मी खाली बसले, गवत बाजूला केलं आणि अंगठा घातला. अंगठा गेला, मग बोटं, मग मनगटापर्यंत हात. आत पाणी हाताला लागलं.

‘‘वामनबाब,’’ मी हाक मारली. ‘‘हयसर नीट नाय.’’

ते धावत आले नाहीत. पाय रोवत, एकेक पाऊल टाकत आले. भोकात हात घातला. खोलवर चाचपत बसले, हात आत, तोंड नदीकडे. मला वाटलं त्यांच्या मनाला लागलं असेल. मी काही तरी समजुतीचं बोलणार, एवढ्यात त्यांनी मान वळवली, आणि त्या माणसाला इतका आनंद झालेला मी कधीच पाहिला नव्हता, खाजं वाटलं त्या दिवशीही नाही.

‘‘चार दीस मी हयसून जातंय,’’ ते म्हणाले. ‘‘चार दीस. आणि माका दिसूक नाय.’’

आम्ही दोघांनी पेंढा आणि चिकणमाती कालवून भोक दोन्ही बाजूंनी बुजवलं. त्यांनी पायाने धोपटलं. मग मला म्हणाले, ‘‘आता परत बघ. हातान.’’ मी पाहिलं. जिथे जिथे दाबलं तिथे घट्ट लागलं. भरती सुरू व्हायला तासभर होता.

मी हात धुऊन वही घेतली. दुसऱ्या रकान्यात लिहिलं: माडांकडून सुरुवात केली. अर्ध्यावर कुर्लीचं भोक सापडलं, आरपार. दोघांनी बुजवलं. पुन्हा हात लावून बघितलं. खाली पुरी सही केली. त्यांनी वही घेतली, चष्म्याशिवाय डोळे बारीक करून वाचली, आणि मग चिखलाचा अंगठा माझ्या सहीवरून एकदा फिरवला. सही जरा फिसकटली. वही त्यांनी पिशवीत घालून परत दगडावर ठेवली.

काकींकडे चहा घेऊन मी निघाले तेव्हा ऊन कललं होतं. रस्ता वळतो तिथे बांध पूर्ण दिसतो, म्हणून स्कूटर थांबवली. भरतीचं पाणी बांधाला लागत होतं आणि मानशीचं दार मिटलं होतं. वामनबाब मानशीपाशी नव्हते. ते पार पलीकडे माडांखाली उभे होते, आणि तिथून, वाकून, सावकाश पावलं टाकत मानशीकडे यायला निघाले होते.